‘भाडोत्री’ म्हणालात, म्हणून एवढं लांब उत्तर

नमस्कार.

फ्रेंच फुटबॉलपटू निकोलस अनेल्कावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली त्याला आठ दिवस झाले. खाली तीन ओळींत उत्तर लिहायला बसलो होतो. तीनाच्या तीस झाल्या, तेव्हा म्हटलं वेगळंच लिहावं.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. मी लेखात अनेल्काला ‘बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा कारागीर’ म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा कारागीर नाही, भाडोत्री. पैसा दिसेल तिकडे पळाला, कुठल्याही क्लबचा झाला नाही. फिरस्ता खेळाडू म्हणायचाच असेल तर जो वीस वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये पोटासाठी खेळला त्याला म्हणा, कोट्यधीशाला नको. त्याची बंदी मी सोयीस्करपणे गाळली. आणि शेवटी, ‘मुंबईत त्यानं काय दिवे लावले ते आम्ही फातोर्ड्याला सात-शून्यानं बघितलंय.’

तुम्ही नाव ‘निनावी’ ठेवलंय, पण सात-शून्य काढल्यावर गाव लपत नाही. १७ नोव्हेंबर २०१५, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल, गोव्यातलं फातोर्ड्याचं मैदान. एफसी गोवा सात, मुंबई सिटी शून्य. डुडू आणि हाओकिप, दोघांच्या हॅटट्रिक एकाच सामन्यात. मुंबईचा मॅनेजर अनेल्काच. टीव्हीसमोर मी चौथ्या गोलनंतर भांडी घासायला उठलो, ती भांडी संपेपर्यंत आणखी गोल झाले. या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. फक्त एवढंच की पुढच्या महिन्यात त्याच फातोर्ड्याला फायनल होती, गोवा सत्त्याऐंशीव्या मिनिटाला दोन-एकनं पुढे गेला होता, आणि ट्रॉफी चेन्नईला गेली. बाकी मी काही बोलत नाही.

आधी जे मान्य आहे ते मान्य करून टाकतो.

बंदीचा मुद्दा. तुमचं बरोबर, मी ते गाळलं आणि ते चूकच. २८ डिसेंबर २०१३ ला वेस्ट ब्रॉमकडून वेस्ट हॅमविरुद्ध त्यानं दोन गोल केले, सामना तीन-तीन सुटला, आणि पहिल्या गोलनंतर त्यानं ‘केनेल’ नावाचा तो हाताचा इशारा केला. फ्रान्समध्ये त्या इशाऱ्याला ज्यूद्वेषाचा वास आहे, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. आपण फक्त आपला मित्र, विनोदी नट द्येदोने, याला दाद दिली, असं अनेल्काचं म्हणणं. इंग्लिश एफएच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या, समितीनं पाच सामन्यांची बंदी आणि ८०,००० पौंड दंड केला. तो स्वतः ज्यूद्वेष्टा आहे असं आम्हाला आढळलं नाही, हेही समितीनं नोंदवलं. पण ज्या माणसाच्या नावावर तो इशारा ओळखला जातो त्या माणसाला दाद द्यायची तर इशाऱ्याचं ओझंही उचलावं लागतं. मी लेख लिहिताना हा परिच्छेद लिहिला होता, मग ‘विषयांतर होतंय’ म्हणून काढला. विषयांतर नव्हतं. मला तो माणूस आवडतो म्हणून हात आखडला, एवढंच.

दुसरं, लंडनचा आर्सेनल क्लब. तिथून तो ज्या पद्धतीनं निघाला त्याचं समर्थन मीही करत नाही. करार बाकी होता, सीझनमध्ये लीगचे १७ गोल झाले होते, खेळाडूंच्या संघटनेचा वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू हा मान नुकताच मिळाला होता, मॅनेजर वेंगरला तो हवा होता. भाऊच एजंट. उन्हाळाभर रुसवे-फुगवे, इंग्लिश पेपरांवर खापर, आणि मग स्पेनचा रेआल माद्रिद. वय वीस. वीस वर्षांच्या मुलानं मूर्खपणा केला, आणि तो त्याला पुढे दहा वर्षं पुरला.

पण आता तुमचा ‘भाडोत्री’ शब्द घेऊ. भाडोत्री म्हणजे ज्याला भाडं मिळतं तो. या सगळ्या व्यवहारात भाडं नक्की कोणी खाल्लं, ते बघा.

आर्सेनलनं त्याला फेब्रुवारी १९९७ मध्ये पॅरिसच्या क्लबकडून ५ लाख पौंडांत उचललं. मुलगा सतरा वर्षांचा. दोन-अडीच वर्षांत लीग, एफए कप, कपच्या फायनलमध्ये न्यूकॅसलविरुद्ध गोल. १९९९ च्या उन्हाळ्यात तोच मुलगा रेआल माद्रिदला २.२ कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकला. त्या पैशातला निम्मा टाकून वेंगरनं तिएरी आँरी आणला, आणि लंडन कोल्नीला आर्सेनलचं जे नवं ट्रेनिंग सेंटर उभं राहिलं त्यालाही हाच पैसा लागला. आर्सेनलचे लोक त्याला वर्षानुवर्षं शिव्या घालत होते, आणि त्यांची टीम रोज सकाळी त्याच्या पैशातून बांधलेल्या मैदानावर सरावाला जात होती. कोणी कोणाचं खाल्लं?

बोल्टनचंही तेच. २००६ मध्ये ८० लाख पौंडांना घेतला, दीड वर्षानं चेल्सीला दीड कोटीला विकला. या क्लबची एक गंमत सांगतो. पूर्ण नाव बोल्टन वाँडरर्स, म्हणजे भटके. सुरुवातीला त्यांना हक्काचं मैदानच मिळेना, म्हणून १८७७ मध्ये त्यांनी हे नाव घेतलं. सव्वाशे वर्षांनी सॅम अॅलर्डाइस नावाचा मॅनेजर त्या नावाला जागला: जोरकाएफ, ओकोचा, इएरो, कांपो, मोठ्या दारांतून बाहेर पडलेली सगळी माणसं त्यानं एका गिरणगावात गोळा केली. अनेल्काला तिथे कोणी ‘तू आमचा आहेस का’ विचारलं नाही. ‘शनिवारी खेळशील ना’ एवढंच. पहिल्या सीझनला लीगचे ११ गोल, क्लब सातवा, युरोपात जागा.

मूळ लेखात मला हेच म्हणायचं होतं, आणि ते नीट उतरलं नसावं. म्हणून एक घरगुती गोष्ट.

गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराची फरशी उखडली. ठेकेदारानं एक माणूस पाठवला, राजस्थानकडचा, पन्नाशीचा. चार दिवस आला. पहिल्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही, म्हणजे मला तसं वाटलं. तो उकिडवा बसून जुन्या फरशा थापीच्या लाकडी मुठीनं ठोकत होता. टक, टक, टक, ठप. जिथे ‘ठप’ वाजलं तिथे खडूची फुली. मी विचारलं, तर म्हणाला, ‘पोकळ आहे खाली, माल बसला नाही.’ आमच्या सौ. दारात उभ्या राहून मला खुणा करत होत्या, की हा काम कधी सुरू करणार. चहा दिला तर चहा, नाही दिला तर नाही. गप्पा शून्य. चौथ्या दिवशी संध्याकाळी हातपाय धुऊन गेला. फरशी अजून एकाही जागी वाजत नाही. तो आमच्या घराशी निष्ठावान होता का, हा प्रश्न मला आजवर पडलेला नाही.

अनेल्का मैदानावर हेच करायचा. जुने सामने काढून फक्त त्याच्याकडे बघा, चेंडूकडे नाही. पाच-सात मिनिटं तो चालतोय. लोक ओरडतायत, ‘अरे धाव की.’ तो डिफेन्समधल्या दोन माणसांच्या मधून इकडून तिकडे नुसता हिंडतोय, ठोकून बघतोय. मग एकदा ‘ठप’ ऐकू येतं त्याला. मधल्या फळीतल्या कोणाची मान वर झाली की हा त्या पोकळ जागेत आधीच पोचलेला. पहिला स्पर्श असा की चेंडू पायाला चिकटत नाही आणि लांबही जात नाही, पुढच्या पावलाखाली येतो. ही कला कुठल्या एका प्रशिक्षकाची पद्धत नाही, ती पिशवीत घालून नेता येते. म्हणूनच क्लब बदलला तरी त्याला मुरायला वेळ लागायचा नाही. सहा वेगळ्या क्लबांकडून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३६४ सामने, १२५ गोल. नुसता पैशामागे धावणाऱ्याचं हत्यार इतकी वर्षं धारदार राहत नाही.

हे सगळं शक्य झालं त्याला एक बाहेरचं कारणही आहे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमन निकाल आला. करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशात जाऊ द्यायला क्लब पैसे मागू शकत नाही, आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवर ‘परदेशी’ म्हणून मर्यादा घालता येत नाही. त्या आधी खेळाडू क्लबच्या सातबाऱ्यावर असायचा. अनेल्कानं पॅरिससाठी पहिला सामना खेळला तो त्यानंतर दोनेक महिन्यांनी, सोळाव्या वर्षी. ज्या पिढीला दार उघडं मिळालं, तिचा हा पहिल्या बाकावरचा मुलगा. दार उघडल्यावर बाहेर पडला म्हणून त्यालाच तेवढं का धरायचं?

आता ‘कुठेच टिकला नाही, अडचण आली की पळाला’. इथे मात्र तुम्ही थोडी घाई केलीत.

माद्रिदला मार्च २००० मध्ये त्यानं सरावाला यायला नकार दिला, क्लबनं ४५ दिवसांसाठी बसवला. मीही तेव्हा म्हटलं, संपला. मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, सेमीफायनल, समोर बायर्न म्युनिक. घरी चौथ्याच मिनिटाला अनेल्काचा गोल. म्युनिकला माद्रिद दोन-एक हरलं, तो एक अनेल्काचा. दोन्ही सामने मिळून माद्रिद तीन-दोन पुढे. म्हणजे ते दोन गोल वजा करा आणि मग माद्रिदचा तो कप कुठे राहतो ते मला सांगा. फायनलला तो पहिल्या अकरात होता, तीही पॅरिसमध्ये, त्याच्या लहानपणच्या त्राप गावापासून तासाभरावर. त्याच उन्हाळ्यात माद्रिदनं त्याला पॅरिसला परत विकला.

लिव्हरपूलला तर तो स्वतः राहायला तयार होता. लोनवर, म्हणजे उसना, आला, अर्धा सीझन खेळला, क्लब दुसरा आला. मॅनेजर उलिएनं त्याला ठेवण्याऐवजी एल हाजी दियूफला घेतलं. त्या निर्णयावर लिव्हरपूलवाले आजही चहाच्या टपरीवर मिळतील तिथे बोलतात, मी मीठ चोळत नाही. पण तिथून ‘पळाला’ कोण?

मँचेस्टर सिटी, तेव्हाची सिटी, नुकतीच वर आलेली, पैसेवाली होण्याआधीची. केव्हिन कीगननं २००२ मध्ये १.३ कोटी पौंड मोजून आणला. तिथे अडीच वर्षं. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यानं मोरिन्योच्या चेल्सीविरुद्ध पेनल्टी मारली, सामना एक-शून्य. चेल्सीनं त्या वर्षी लीग जिंकली आणि लीगच्या अख्ख्या सीझनमध्ये हरली ती एकदाच, हीच ती एकदा.

आणि पेनल्टीवरून निघालं म्हणून मॉस्को. २१ मे २००८, चॅम्पियन्स लीगची फायनल, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, पाऊस. जादा वेळेत चेल्सीकडून बदली म्हणून आलेला अनेल्का. सामना बरोबरीत, निकाल पेनल्टींवर. चेल्सीचा कर्णधार टेरी पेनल्टी मारताना घसरला ते सगळ्यांना आठवतं, पण टेरीनंतरही खेळ चालू होता. सातव्या फेरीत युनायटेडच्या गिग्जनं मारला, आता अनेल्कानं चुकवला की संपलं. गोलमध्ये व्हॅन डर सार. तो दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि डाव्या हातानं आपल्याच डावीकडे खूण केली, की इकडेच मारणार ना, चेल्सीचे बहुतेक सगळे इकडेच मारत आलेत. अनेल्का चेंडूमागे उभा. दोन-तीन सेकंद. बुद्धिबळात समोरच्यानं आपली पुढची चाल मोठ्यानं सांगितली तर जे होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, निदान मला दिसलं. त्यानं बाजू बदलली. व्हॅन डर सार तिकडेच झेपावला.

यानंतर तुमच्या हिशेबानं त्यानं बॅग भरायला हवी होती. चार महिन्यांपूर्वी आलेला, अजून कोणाचा लाडका नाही, आणि क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी पेनल्टी घालवलेली. तो राहिला. पुढच्या सीझनला लीगचे १९ गोल, इंग्लंडमध्ये सगळ्यांत जास्त. एफए कप. त्याच्या पुढच्या वर्षी लीग आणि कप दोन्ही. चार वर्षं तिथे काढली. बाहेरून बघणाऱ्याला तो कायम निघायच्या तयारीत वाटायचा, त्याला त्याचा चेहरा जबाबदार आहे. हसतच नाही हो माणूस. इंग्लिश पेपरांनी त्याच्या फुगलेल्या तोंडावरून टोपणनावच पाडलं होतं.

२०१० च्या वर्ल्ड कपबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोणीतरी लिहीलच. मेक्सिकोविरुद्ध मध्यंतरात फ्रान्सचा प्रशिक्षक दोमनेक याच्याशी भांडण, दोन दिवसांनी त्यातली शिवी एका पेपरच्या पहिल्या पानावर, आणि अनेल्काची घरी रवानगी. दुसऱ्या दिवशी नाइस्नाच्या सराव मैदानावर फ्रान्सचे खेळाडू सराव न करता बसमध्ये जाऊन बसले. खेळाडूंचं पत्रक वाचून दाखवलं ते दोमनेकनं स्वतः, हा त्यातला कळस. फ्रेंच फेडरेशननं नंतर अनेल्काला १८ सामन्यांची बंदी केली, तसाही तो परत जाणार नव्हता. त्या संपानं फ्रान्सची जगभर शोभा झाली, आणि अनेल्का काही हुतात्मा नव्हता. पण ‘कोणाचाच नसलेल्या’ माणसासाठी अख्खी टीम बसमध्ये बसली, ही गोष्ट मला तुमच्या वाक्याशेजारी ठेवून बघाविशी वाटते.

तुमचा फिरस्त्याचा मुद्दा, खालच्या डिव्हिजनचा. अर्धा पटला. लुट्झ फानेनश्टील नावाचा जर्मन गोलकीपर फिफाच्या सहाही खंडीय संघटनांच्या क्लबांत खेळला, मध्येच सिंगापुरात तुरुंगात गेला, इंग्लंडमध्ये एका सामन्यात धडक बसून त्याचा श्वास थांबला आणि तो वाचला. त्याच्यावर एक स्वतंत्र लेख झाला पाहिजे आणि तो मी लिहीन. पण खिशात किती आले यावरून माणूस फिरस्ता ठरत नाही. पन्नास हजारांचा सुतार आणि पाचशेचा सुतार, दोघांनाही काम संपलं की हत्यारं गोळा करावी लागतात.

चीनमधला शांघायचा क्लब आणि इटलीतला युव्हेंटस मी मुद्दाम सोडतोय. शांघायला पैशासाठीच गेला, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. युव्हेंटसला लोनवर जाऊन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही सामने खेळला नाही.

राहिली मुंबई. तुम्ही म्हणता, पेन्शन घ्यायला आला. २०१४ च्या त्या पहिल्या आयएसएलमध्ये आलेल्या निम्म्या पाहुण्यांना हे लागू आहे. इंग्लंडमधली उरलेली बंदी त्याच्या मागोमाग इथे आली, म्हणून पहिले तीन सामने तो बाहेरच. घरच्या पहिल्या सामन्याला लोक त्याच्या नावावर तिकीट काढून आले, तो बसून, आणि आंद्रे मोरित्सनं हॅटट्रिक मारून पुण्याचा पाच-शून्य फडशा पाडला. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. गेलो ते २ नोव्हेंबरला, रविवार, केरळाविरुद्ध. नेरूळ स्टेशनपासूनच पिवळे शर्ट. वाशी-नेरूळकडचे सगळे मल्याळी बहुधा घराबाहेर पडले होते, आमच्या निळ्या रांगेत आम्ही पाहुण्यासारखे. केरळाचा मॅनेजर डेव्हिड जेम्स, म्हणजे मँचेस्टर सिटीतला अनेल्काचा जुना सोबती.

चाळीस मिनिटं अनेल्का चालला. शेजारी एक गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. ते म्हणाले, ‘ह्याला कशाला आणलंय, फिरायला?’ मी गप्प. मध्यंतराच्या तोंडावर फ्री किक मिळाली. आमच्याच टीमचा एक पोरगा चेंडूजवळ रेंगाळत होता, अनेल्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो बाजूला झाला. मोजे वर ओढले. चार पावलं मागे. आमच्या जागेवरून भिंत आणि गोल एका रेषेत येत होते, त्यामुळे चेंडू कुठून गेला ते मला आजही माहीत नाही. जाळी हलली तेवढी दिसली. सामना तिथेच जिंकला, एक-शून्य. आजोबा नातवाला उचलून नाचत होते. अनेल्का हसला का, हे मी दुर्बीण आणली असती तर सांगितलं असतं.

मुंबई त्या वर्षी आठांत सातवी आली. पुढच्या वर्षी मॅनेजर म्हणून त्यानं सहावी आणली, आणि मध्ये तुमचा फातोर्डा. मॅनेजर म्हणून तो साफ पडला. हातात कला असलेल्या माणसाला ती दुसऱ्याला समजावून सांगता येईलच असं नाही, आमच्या फरशीवाल्यानंही हाताखालच्या पोराला चार दिवसांत एक अक्षर शिकवलं नव्हतं. पण त्याच सीझनला सुनील छेत्रीनं मुंबईकडून नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक मारली, आयएसएलमधली भारतीयाची पहिली. त्यात अनेल्काचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही, म्हणून श्रेय देत नाही.

लेखाच्या नावाबद्दल एक. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हे मी गमतीनं दिलं नव्हतं. मँचेस्टर सिटीत त्यानं पाठीवर ३९ नंबर घेतला. पुढे बोल्टनला ३९, चेल्सीला ३९, मुंबईत आला तेव्हाही ३९. मालक बदलले, रंग बदलले, भाषा बदलली. प्रत्येक घरातून निघताना त्यानं उचलून नेलेली ती एकच वस्तू.

मूळ लेखात आज दोन बदल केलेत. बंदीचा परिच्छेद परत घातलाय, पूर्ण. आणि ‘मुंबईला त्यानं फुटबॉल शिकवला’ हे वाक्य काढलंय. ते कशाच्या भरात लिहिलं होतं कोण जाणे. ‘कारागीर’ तेवढा ठेवलाय. फायनलचा विषय मी आधी काढला, तेव्हा त्यावरचं तुमचं उत्तर यायचंच आहे. वाट बघतो.